टिकलीच्या डोक्याचं माप

हिरड्याच्या ढोलीत सातेरी मधमाश्या पहिल्यांदा राहायला आल्या, तेव्हाची ही गोष्ट. त्यांच्यातली टिकली मेणाची घरं बांधायची. घर झालं की ती आत डोकं घालून बघायची. घट्ट बसलं की घर बरोबर.

एकदा ती पोळ्याच्या खालच्या काठाला गेली, तर तिथल्या घरात डोकं डगडगलं.

“ताई, ही घरं चुकली गं!”

“बरोबर आहेत,” शेजारी मेण चघळत बसलेली मोठी ताई म्हणाली.

“आणि ही लहान-मोठ्या घरांच्या मधली वाकडीतिकडी?”

“तीही बरोबर.”

“मग चूक म्हणायचं तरी कशाला?”

ताई कामाला निघून गेली. टिकलीचं डोकंच चालेना. शेवटी तिने मोठी घरं आतून मेणाने लिंपून लहान केली.

अंडी घालत घालत राणीआई तिथे आली. एका घरात डोकावली, दुसऱ्यात डोकावली आणि गोंधळून उभी राहिली.

“तुमच्या भावांची घरं कुठे गेली?”

“लहान केली, आई. फार मोठी होती.”

“कुणाच्या मापाने?”

“माझ्या डोक्याच्या.”

“अगं, तुझे भाऊ केवढे थोराड! ते यात मावतील का? आणि भाऊच नसले, तर पलीकडच्या ढोलीतल्या राणीला नवरा कुठून मिळायचा?”

टिकली लिंपलेलं मेण कुरतडू लागली. मधल्या वाकड्या घरांचं कोडं तिला अजून सुटलं नव्हतं, तरी त्यांना तिने हात लावला नाही. खालच्या घरात तिने डोकं घातलं. ते चांगलं डगडगलं, तेव्हा कुठे ती पुढच्या घराकडे वळली.