फाटकातले हात

एकदा एक शहाणा म्हातारा मिठागरात मजुरी करीत असे. त्याचा तरुण शिष्यही तिथेच राबत होता.

मिठागराची एक रीत होती. संध्याकाळी घरी जाताना प्रत्येकाने दोन्ही हात वर करून फाटकाबाहेर पडायचे. मीठ चोरले नाही, याची ती साक्ष. लेकुरवाळ्या बायाही कडेवरचे पोर खाली ठेवून हात वर करीत.

एकदा मिठागराचा मालक, एक व्यापारी, स्वतः फाटकात उभा होता. म्हाताऱ्याला म्हणाला, "बाबा, तुम्ही सज्जन माणूस. तुम्ही यापुढे हात खाली ठेवूनच जात जा."

म्हाताऱ्याने ऐकून घेतले. मग हात होते त्याहून उंच केले आणि तसाच बाहेर पडला. दुसऱ्या दिवशीही तेच.

शिष्य गोंधळला. ताठ मानेने जग, असे शिकवणारा हाच ना? मागून एक मजूरबाई म्हणाली, "काय रे, तुझ्या गुरूचे खांदे आखडले का? शेठ सांगतो तरी हात खाली येत नाहीत." रांग हसली. असला गुरू सोडावा, असे शिष्याच्या मनात आले.

बांधावरून जाताना त्याने विचारले, "बाबा, मिळालेला मान का लाथाडलात?"

"मान नव्हे तो. सूट."

"मग घ्यायची होती. एक माणूस तरी सुटला असता."

"सज्जनाला अडवत नाही, असे शेठ उद्या सांगत फिरेल. मग ज्याचे हात वर, तो चोर. त्या रांगेत तुझी आई आहे."

शिष्याने मागे फाटकाकडे वळून पाहिले. म्हणाला, "मग काय, जन्मभर हात वर?"

"हात तुझे आहेत. मला काय विचारतोस? खाली घेशील तेव्हा एकटा घेऊ नकोस, एवढेच."

शिष्याला अर्धेच उमगले. तेवढे घेऊन तो आधी त्या टोमणा मारणाऱ्या बाईच्या दारी गेला, मग घरोघर फिरला.

दुसऱ्या संध्याकाळी रांग फाटकाशी आली. म्हातारा सर्वांत मागे होता; त्याच्या पुढच्या सगळ्यांचे हात खाली. मुकादम ओरडला, "हात!" कोणी हलले नाही. व्यापारी म्हणाला, "उद्यापासून काम बंद."

ती टोमणेवाली बाई म्हणाली, "बरं. मीठ तुम्ही ओढा. जाताना हात मात्र वर करा."

व्यापाऱ्याने आगराकडे पाहिले. मीठ पिकून ओढायला आले होते. फाटक उघडले.

शिष्याने बाहेरून वळून पाहिले. शेवटी म्हातारा येत होता, एकटाच हात वर करून. त्याच्या पुढची शेवटची बाई पोराला कडेवर घेऊनच बाहेर पडली, तेव्हा त्याने हात खाली घेतले. शिष्याला उरलेले अर्धे तेव्हा उमगले.

आपल्याला सूट मिळाली, की आधी मागची रांग पाहावी.