दोन खातू

शुद्धलेखन चुकलं तर सांभाळून घ्या, शब्दही साधेच आहेत.

चिपळूणचा मुरलीधर खातू एकटाच राहायचा आणि एकटाच शिवणकामाचं दुकान चालवायचा. दुकानासाठी वापरलेल्या क्रेडिट कार्डाचं देणं थकलं, तेव्हा बँकेने निम्मं घेऊन निम्मं माफ केलं. पुढे मशीन मोडलं. नवं घेतल्याशिवाय दुकान उघडणार नव्हतं, म्हणून तो त्याच बँकेत कर्ज मागायला गेला.

मॅनेजर पोंक्षे रांगेतल्या सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "खातू, तुमच्या क्रेडिट रिपोर्टवर निम्म्यावर तडजोड केल्याचा शेरा आहे. बुडव्याला कर्ज नाही! आणि माफ झालेली रक्कम ही धंद्याची कमाई, तिच्यावर कर भरा."

मुरलीधर लाजत म्हणाला, "साहेब, मी तर एकटाच आलोय. कर भरणारा कमावता खातू आणि कर्ज न मिळणारा बुडवा खातू, असे दोघे तुम्हाला कुठे दिसले? कमाई असेल तर ती कर्जाच्या अर्जातही धरा."

रांगेत हशा पिकला. पोंक्षेंनी अर्ज घेतला आणि शिफारस करून वर पाठवला.

घरी ही गंमत सांगायला कुणीच नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी मुरलीधरने दोन कप चहा केला आणि दोन्ही खातूंचा एकट्यानेच प्यायला.