पलीकडच्या काठाची टिटवी

जंगल विरळ होत होत जिथे माळाला मिळते, तिथे एका तळ्याच्या काठी एक टिटवी राहत असे. टिटवीला घरटे नसते, मुलांनो. फांदी नाही, ढोली नाही, गवताची काडी नाही. खड्यांसारखीच दिसणारी अंडी उघड्या खड्यांत घालायची आणि डोळ्यांत तेल घालून राखायची, एवढाच तिचा संसार. वैशाखात ते खडे असे तापत की पाय ठेववत नसे. त्यावर टिटव्यांची एक रीत आहे. टिटवी तळ्यात उतरते, पोटाची पिसे भिजवून घेते आणि ओल्या पोटाने येऊन अंड्यांवर बसते. पिसे सुकली की पुन्हा तळे. ऊन चढल्यापासून उतरेपर्यंत या खेपा चालतात. टिटवा असता तर दोघांनी मिळून त्या केल्या असत्या, पण त्याला ससाण्याने उचलले होते. ती एकटीच करत होती. अंडी भरत आली होती आणि कान लावला की आतून बारीक आवाज येत असे.

त्याच उन्हाळ्यात तळ्याचा कारभारी निवडायची वेळ आली. एका बाजूला रानडुक्कर उभा राहिला, दुसऱ्या बाजूला काळवीट. पाणी आटले तर डुक्कर मुसंडी मारून झरा मोकळा करील, असे काहींना वाटे, आणि ते खोटे नव्हते. काळवीट पाय जपून टाकतो, लहानांना तुडवत नाही, असे इतरांना वाटे, आणि तेही खोटे नव्हते. पण एवढ्यावर भागले तर ती निवडणूक कसली? एरवी एकमेकांच्या पोरांवर लक्ष ठेवणारी जनावरे एकमेकांना नावे ठेवू लागली. डुकराकडचे काळविटाकडच्यांना ‘पळपुटे’ म्हणत आणि काळविटाकडचे डुकराकडच्यांना ‘चिखलखाऊ’. टिटवीही एकदा ‘चिखलखाऊ’ म्हणाली होती, खोटे कशाला बोला!

मत द्यायची तिथली पद्धत साधी होती. डुक्कर हवा असेल त्याने अलीकडच्या काठावर उभे राहायचे, काळवीट हवा असेल त्याने पलीकडच्या. म्हातारे कासव मधल्या खडकावर बसून मोजत असे. त्याने मोजले, पुन्हा मोजले आणि सांगितले, “थोडक्यात, पण रानडुक्कर निवडून आला.” काळविटाने शिंगे हलवली, “पुढच्या खेपेला बघून घेऊ” म्हणाला आणि चार उड्यांत माळापार झाला. त्याला लांब पाय होते. त्याला मत देणाऱ्या टिटवीच्या अंड्यांना पाय नव्हते, हे काही त्याच्या ध्यानात आले नाही.

आता तळ्याचा एक जुना रिवाज होता. जो निवडून येईल त्याने पाण्यातून चालत हरलेल्यांच्या काठावर जायचे आणि आपला पहिला घोट तिथे, त्यांच्या शेजारी उभे राहून प्यायचा. म्हणजे मग सगळ्यांनी मिळून पाणी प्यायचे आणि घरी जायचे. कासव म्हणाले, “चला कारभारी, पलीकडे.”

डुकराने एक पाय पाण्यात घातलाही होता. तेवढ्यात कोल्हा त्याच्या कानाला लागला. हा कोल्हा गेल्या निवडणुकीत दुसऱ्या काठावर होता आणि पुढच्या निवडणुकीत कुठे असेल ते त्याचे त्यालाच ठाऊक. तो म्हणाला, “कारभारी, ज्यांनी तुम्हाला मत दिलं नाही त्यांच्या दारात तुम्ही जाणार? मग ज्यांनी दिलं त्यांना काय मिळालं?”

डुकराने पाय मागे घेतला आणि गुरगुरत हुकूम सोडला, “पलीकडच्या काठावर उभे राहिलेल्यांनी सूर्य बुडाल्यावरच पाण्यावर यायचं. आधी आमची मंडळी पितील. उरेल ते त्यांचं.” कासवाने मान कवचात ओढून घेतली. कासवांना ते बरे जमते. अलीकडच्या काठावर जो जल्लोष झाला त्यात टिटवीचा शेजारी तित्तीरही होता. त्याच्या पिल्लांना या टिटवीच्या ओरडण्याने किती वेळा वाचवले होते! पण जिंकल्याच्या आनंदात असल्या गोष्टी कोणाला आठवतात?

दुसऱ्या दिवशी ऊन चढले आणि टिटवी नेहमीसारखी तळ्याकडे आली. काठावर दोन तरणे डुक्कर सुळे परजत पहारा देत होते. त्यांच्यामागे चिखलात कारभारी लोळत पडला होता आणि शेजारी कोल्हा बसला होता.

“कारभारी, मला प्यायला नको,” टिटवी म्हणाली. “मी तहान काढीन संध्याकाळपर्यंत. फक्त पोट भिजवू द्या. अंडी भाजून निघतील.”

“मत देताना हे पोट आठवलं नाही का, टिटवीबाई?” कोल्हा म्हणाला, आणि काठावरची मंडळी फिदीफिदी हसली.

“आठवलं, म्हणूनच तसं दिलं!” टिटवी उसळून म्हणाली. “काळवीट खाली बघून पाय टाकतो. तुमचे कारभारी मुसंडी मारत चालतात आणि माझी अंडी जमिनीवर असतात. मला जे बरं वाटलं ते मी उजेडात, सगळ्यांसमोर उभी राहून सांगितलं. यात माझा गुन्हा काय?”

कारभाऱ्याने एक डोळा उघडला. “गुन्हा काही नाही. पण ज्याची खावी पोळी, त्याची वाजवावी टाळी. आमचं पाणी हवं होतं तर आमच्या काठावर उभं राहायचं.”

“तुमचं पाणी? हे तळं तुम्ही निवडून आल्यावर भरलं की काय? कारभार तुम्हाला दिलाय हो, तळं नाही दिलं! आणि माझं भांडण तुमच्याशी होतं, ते तुम्ही माझ्या अंड्यांवर कशाला काढता? त्यांनी कुणाला मत दिलं?”

“पुरे!” कोल्हा म्हणाला. “टिटवी ओरडली की अपशकुन होतो, सगळं रान म्हणतं. कारभारी, हिचं ओरडणंही बंद करा.” कारभाऱ्याने नुसती मान हलवली आणि तोही हुकूम झाला.

टिटवी परत आली. पंख पसरून, चोच उघडी टाकून, ती अंड्यांवर सावली धरून उभी राहिली. सावली वरून होती, पण खडे खालून तापत होते. आतले आवाज अजून येत होते, पण सकाळपेक्षा क्षीण झाले होते. तिने पलीकडच्या बाजूला पाहिले. ससा एका वाळक्या झुडपाखाली धापा टाकत सूर्य बुडायची वाट पाहत होता. साळिंदर बिळात शिरून बसले होते. पाणी तर समोर चकाकत होते. एवढ्याशा ओल्या पिसांनी कोणाचे तळे आटणार होते? नुसत्या सुडापायी चाललेला हा खेळ होता, आणि त्यालाच ते कारभार म्हणत होते.

ऊन माथ्यावर आले तेव्हा टिटवीला गवताच्या वर तांबूस कान दिसले. रानकुत्री! वाऱ्याच्या उलट्या अंगाने, आवाज न करता, टोळी तळ्याकडे सरकत होती. कारभाऱ्याची डुकरीण आपल्या पिल्लांना घेऊन चिखलात निर्धास्त पडली होती. पहारेकरी होते, पण ते टिटवीवर नजर ठेवून होते, माळावर नव्हते.

त्या क्षणी टिटवीच्या मनात आले की गप्प बसावे. आले, लपवून काय करायचे? ओरडायचे नाही असा हुकूमच होता, तो पाळला असता तर कोणी बोल लावला नसता. आणि ती उठली तर अंड्यांवरची सावलीही जाणार होती. पण तिने चिखलाकडे पाहिले. एक पिल्लू आईच्या पाठीवर चढू पाहत होते आणि घसरून पडत होते.

टिटवी उठली आणि असा काही आकांत केला की सारा माळ दणाणला. ती सरळ रानकुत्र्यांच्या तोंडावर झेपावली, डोळ्यांशी पंख फडफडवले, पुन्हा वर गेली, पुन्हा खाली आली. डुकरीण दचकून उठली आणि पिल्लांना ढुशा देत करवंदीच्या जाळीत शिरली. तित्तीर पिल्लांसह झुडपात गेला. कोल्हा तर सगळ्यांच्या आधी गेला होता. मग टिटवी एक पंख मोडल्यासारखा लोंबवत लंगडू लागली. रानकुत्री तिच्यामागे लागली आणि तिने त्यांना माळावर दूर, फार दूर नेले. नेता नेता ऊन कलले.

ती परतली तेव्हा सगळी मंडळी काठावर जमली होती. कारभारी पुढे आला आणि मोठ्या आवाजात म्हणाला, “आजपासून टिटवी आमच्या काठाची! तिला पाणी खुलं!”

टिटवीने त्याच्याकडे पाहिलेसुद्धा नाही. ती पाण्यात उतरली, पोट भिजवले, धावत जाऊन अंड्यांवर बसली आणि कान लावला. एका अंड्याला लावला, दुसऱ्याला लावला, चोचीने त्यांना हळूच वळवले. आतून कोणी बोलेना. डुकरीण जवळ आली. तिनेही नाक खाली नेऊन बराच वेळ ऐकले. मग ती नवऱ्याकडे वळली आणि म्हणाली, “अहो, आपली पोरं जाळीत खेळताहेत. हिची उन्हात भाजली. तुमच्या हुकमानं भाजली.”

कारभारी म्हणाला, “बरं, सगळ्यांनाच पाणी खुलं! पलीकडच्यांनाही!” लगेच घोषणा सुरू झाल्या, “कारभाऱ्यांचा विजय असो!” घसा सुकलेला ससासुद्धा त्यांत ओरडला.

“कसला विजय?” टिटवी कडाडली. “आमचंच पाणी आमच्यापासून तोडलंत आणि आता परत देताय, तर आम्ही तुमच्या नावानं ओरडायचं? हिसकावलेलं परत करणाऱ्याला दाता कधीपासून म्हणायला लागले? आणि मी तुमच्या काठाची नाही. कुणाच्याच काठाची नाही. पुढच्या वेळीही मला वाटेल तिथंच मी उभी राहीन.”

घोषणा थांबल्या. कारभारी खाली मान घालून पुटपुटला, “मग आमच्या पोरांसाठी ओरडलीस कशाला?”

“मला पिल्लं दिसली,” टिटवी म्हणाली. “त्यांचा काठ दिसला नाही. तुम्हाला माझी अंडी दिसली नाहीत. तुम्हाला फक्त काठ दिसला.”

कोल्हा काहीतरी बोलण्यासाठी पुढे सरकला, पण डुकरिणीने त्याच्याकडे असे पाहिले की तो मुकाट्याने मागे गेला. टिटवीची पिसे सुकली होती. ती पुन्हा तळ्यात उतरली, पोट भिजवून आली आणि त्याच अंड्यांवर बसली. आता त्याचा उपयोग नाही, हे तिला सांगायची तिथे कोणाचीही छाती झाली नाही.

तात्पर्य : निवडणुकीत काठ दोन असले तरी तळे एकच असते. आपल्याला मत न देणाऱ्याचेही पाणी जो राखतो तोच खरा कारभारी. जो ते तोडतो तो निवडून आलेला लुटारू.