धाकू मेस्त्री आणि एकेचाळिसावी फट

वाकशेतला जायला गाडीरस्ता नव्हता, त्या काळातली ही गोष्ट. खाडीपासून डोक्यावर बोजा घेऊन चढायचं, आणि गावाच्याही वर, कड्याच्या अगदी टोकाला, कडजाईचं देऊळ. देवळाच्या दरीकडच्या बाजूला लाकडी सज्जा होता. जत्रेला पालखी त्या सज्ज्यातून फिरे आणि सगळा गाव पोरंबाळं घेऊन तिथं दाटीनं उभा राही. सज्ज्याला फणसाच्या गजांचा कठडा होता.

देवळाची पूजा गुरवाकडे होती. गुरवाची बायको भिवरा. तिची दीड वर्षांची मुलगी येसू ह्याच कठड्याच्या कोपऱ्यातल्या शेवटच्या फटीतून दरीत गेली. भिवरा पाठमोरी बसून समई घासत होती. वळून बघते तर सज्जा रिकामा. गावानं त्या फटीवर कामट्या बांधल्या आणि देवीनंच पोर नेली असं ठरवलं.  त्या दिवसापासून सज्ज्यावर पाऊल ठेवणाऱ्या प्रत्येक माणसावर भिवराची नजर असे.

तिसऱ्या वर्षी, जत्रा बारा-तेरा दिवसांवर आली असताना, एक म्हातारा सुतार चढण चढून वर आला. पांढरी दाढी, खांद्यावर हत्यारांची पिशवी. नाव सांगितलं धाकू मेस्त्री. म्हणाला, "देवीचा कठडा नवा करून देतो. मजुरी नको. दोन वेळचं जेवण द्या."

तातू गावकर गावचा कारभारी. त्यानं विचारलं, "कुठले तुम्ही?"

"खालचा," एवढंच म्हातारा म्हणाला.

फुकट काम करणारा सुतार वाकशेतनं कधी पाहिला नव्हता. तरी जत्रा जवळ होती, कठडा खिळखिळा झाला होता. तातूनं होकार दिला. भिवरा मात्र देवळाच्या दारात बसून त्याच्यावर लक्ष ठेवू लागली.

आणि लक्ष ठेवावं असंच तो वागत होता. पहिल्या दिवशी त्यानं लाकडाला हात लावला नाही. गावात घरोघर गेला आणि रांगती पोरं कुठं आहेत ते विचारू लागला. पोराचं डोकं दोन पातळ फळ्यांमध्ये हलकेच धरायचा, मधलं अंतर दोऱ्यावर घ्यायचा, गाठ मारायचा आणि तो दोरा कमरेच्या थैलीत टाकायचा. असे सतरा दोरे जमले असं म्हणतात. पोरं रडली नाहीत, उलट त्याची दाढी ओढून हसली. बायकांना त्याचीच भीती वाटली.

दुसऱ्या दिवशी त्यानं सज्ज्याच्या एका खांबापासून दुसऱ्या खांबापर्यंत दोरी मापून तोडली आणि देवळापुढच्या अंगणात अंथरली. दोरीवर एका टोकापासून गावानं आणून दिलेले नवे गज अंगाला अंग लावून ठेवले, मध्ये फट न सोडता. गज संपले तिथं कोळशानं खूण केली. मग उरलेल्या मोकळ्या दोरीच्या, लुगड्याच्या घालाव्यात तशा, सारख्या निऱ्या घालत बसला. निरी घालायची, सगळ्यांत आखूड दोऱ्याशी ताडून बघायची, मान हलवायची, दोरी उलगडायची, आणखी एक गज मांडायचा. पुन्हा निऱ्या. ओठ सारखे हलत होते.

"मंत्र म्हणतोय," बायका म्हणाल्या. गावात कुजबुज सुरू झाली. बाहेरचा माणूस, पैसे नकोत, पोरांच्या डोक्यांची मापं. खांबाखाली पोर पुरल्याशिवाय असले कड्यावरचे कठडे टिकत नाहीत, असं कुणीतरी म्हणालं. संध्याकाळपर्यंत घरोघरी पोरं आत घेऊन कड्या लागल्या.

तिसऱ्या दिवशी दुपारी धाकू जुना कठडा उतरवत होता. वरच्या आडव्या लाकडाच्या पोटाला त्यानं पटाशी लावली आणि एक छिलका काढून लांब फेकला. भिवरानं ते पाहिलं. तो पाणी प्यायला विहिरीवर गेला तशी ती उठली आणि छिलका शोधून काढला. त्यावर तीन तिरक्या रेघा आणि एक टिंब कोरलेलं होतं. कठड्याशेजारी त्याचा रंधा पडला होता. तिनं उचलून पाहिला. त्याच्या मुठीवर त्याच तीन रेघा आणि तेच टिंब.

धाकू परत आला तेव्हा ती छिलका हातात घेऊन उभी होती.

"हा कठडा तुम्ही केला होता," ती म्हणाली.

तो खाली बसला. 

"चाळीस वर्षं झाली, बाय," तो म्हणाला. "वीस वर्षांचा होतो. एका टोकापासून सहा सहा बोटं सोडत गज ठोकत आलो. कोपऱ्यात पोचलो तर दहा बोटं उरली. आणखी एक गज घातला असता तर तिथं दाटी दिसली असती. सगळे गज काढून पहिल्यापासून मांडायचा कंटाळा आला. कोपऱ्यात आहे, कोण बघतंय, म्हटलं. मागच्या महिन्यात बाजारात इकडून आलेल्या कासारानं तुझ्या पोरीचं सांगितलं, तेव्हा कळलं कोणी बघितलं ते."

भिवरानं छिलका मुठीत आवळला. एवढ्यात पायऱ्यांवर पावलं वाजली. तातू गावकर पुढे आणि मागे काठ्या घेतलेला गाव.

"थैली दाखव, मेस्त्री," तातू म्हणाला. "पोरांचे दोरे कशाला जमवलेस ते सांग. नाहीतर ह्याच कड्यावरून खाली जाशील."

म्हाताऱ्यानं थैली पुढे केली.  भिवराच्या दिशेनं एकदा बघितलं आणि मान खाली घातली.

छिलका भिवराच्या मुठीत होता. तिनं मूठ उघडली असती तर पुढचं गावानंच केलं असतं. ती कठड्याच्या त्या कोपऱ्याकडे बघत राहिली. आठ-दहा दिवसांनी जत्रा होती, आणि सज्जा आता उघडा पडला होता.

"काम पुरं होऊ दे," ती म्हणाली. "मग मी परीक्षा घेईन. एक जरी फट चुकली तर ह्याचं काय करायचं ते मी सांगीन."

लेक गमावलेल्या बाईपुढे कोण बोलणार? गाव मागे सरला, पण गेला नाही. पुढचे आठ दिवस माणसं पाळीपाळीनं काठ्या घेऊन सज्ज्यावर बसली. धाकू मान वर न करता काम करत होता. भिवरा रोज भाकरी आणून ठेवी. तो दोरीकडे बघत बोले, स्वतःशी की तिच्याशी ते कळत नसे. "गज मोजायचे नसतात, बाय. फटी मोजायच्या. चाळीस गज, एकेचाळीस फटी. सगळ्या लाकडाची जाडी आधी वेगळी काढायची, उरलेली मोकळी जागा सारखी वाटायची. कोपऱ्यावर काही ढकलायचं नाही." 

नवव्या दिवशी कठडा उभा राहिला. भिवरा गाभाऱ्यातून एक सोललेला नारळ घेऊन आली, रांगत्या पोराच्या डोक्याहून थोडा लहानच. पहिल्या फटीला लावला. गेला नाही. दुसरीला लावला. गाव मोजत होता. वीस झाल्या, तीस झाल्या. तातूनं काठी दुसऱ्या हातात घेतली. चाळिसावी झाली.

कोपऱ्याच्या फटीपुढे ती गुडघ्यांवर बसली. तिथं बसली तेव्हा वारा थांबला असं म्हणतात. तिनं दोन्ही हातांनी नारळ लावला आणि सगळ्या अंगाचा भार देऊन दाबला. पुन्हा दाबला. तळवे सोलवटले तरी दाबत राहिली. नारळ गेला नाही.

मग ती तिथंच बसून रडली, तीन वर्षांत पहिल्यांदा. धाकू हत्यारं गोळा करत होता. लोक हळूहळू खाली उतरले.  सगळे गेल्यावर भिवरा उठली आणि तो छिलका तिनं दरीत भिरकावला.

"जेवून जा," ती म्हणाली.

तो जेवला नाही. देवीला हात जोडले आणि पिशवी खांद्यावर टाकून उतरला.

त्या वर्षी जत्रेत पालखीचा एक भोई घसरला आणि सगळी गर्दी कठड्यावर कलली. पोरं गजांवर चेपली गेली. मूठ आवळताना बोटं मिटावीत तसे गज एकमेकांजवळ आले आणि त्यांनी एकही पोर जाऊ दिलं नाही, असं म्हणतात. भिवरा मात्र म्हातारपणी सांगायची की गज जागचे हलले नव्हते, आणि हलायची गरजही नव्हती. हे सांगतानाच तिनं धाकूची सगळी हकीकत पहिल्यांदा बोलून दाखवली. तोवर ऐकून रागावणारं कोणी उरलं नव्हतं.

धाकू पुन्हा वाकशेतला दिसला नाही. तरुणपणी जिथं जिथं कठडे केले होते, त्या प्रत्येक गावी तो गेला आणि गज पुन्हा मांडून आला, असं म्हणतात. एकाच दिवशी तो तीन गावांत दिसला, तिन्हीकडे कोपऱ्यापाशी बसलेला, असंही सांगतात.

आता देवळापर्यंत गाडी जाते आणि सज्जा सिमेंटचा झाला आहे. तरी जत्रेच्या आदल्या दिवशी गुरवाच्या घरातली बाई सोललेला नारळ घेऊन कठड्याच्या प्रत्येक फटीला लावते. एकेचाळिसावी झाल्याशिवाय पालखी उठत नाही. त्याला धाकूचा नारळ म्हणतात. तो देवीपुढे फोडत नाहीत. त्या कोपऱ्यातच फोडतात, आणि पहिला तुकडा गावातल्या सगळ्यांत लहान रांगत्या पोराच्या हातात देतात.