हत्ती लपवणारं गवत

एका राज्यात गवताला पहारेकरी होते. कोठाराला नव्हते, खजिन्याला नव्हते, पण नदीकाठच्या हत्तीगवताभोवती भालाईत उभे असत. राजा कीर्तिध्वजाचा हुकूमच होता, की या गवताला विळा लागता कामा नये.

झालं होतं असं, की शेजारचा राजा शूरकर्ण एकदा हसत म्हणाला होता, "तुमच्याकडे हत्तीगवत आहे म्हणे. हत्ती लपतो का त्यात?" एवढंसं बोलणं, पण ते कीर्तिध्वजाच्या जिव्हारी लागलं. एरवी गवत छातीभर झालं की गवळी ते कापून नेत आणि वीतभर बुंधे राखत, म्हणजे पुन्हा कोवळे फुटवे येत. आता ते वाढतच राहिलं. कांडी काठीसारखी टणक झाली, पानांना धार आली. गाई हुंगून तोंड फिरवू लागल्या.

मालू गवळण दरबारात आली. हात जोडून म्हणाली, "महाराज, चारा जून झाला. गाई आटल्या."

"शूरकर्ण आणि पाहुणे हत्ती लपलेला बघून जाऊ देत," राजा म्हणाला.

पाहुणे आले. अंबारीसकट हत्ती गवतात शिरला आणि दिसेनासा झाला. शूरकर्णाने टाळ्या वाजवल्या, कीर्तिध्वजाला आकाश ठेंगणं झालं. त्याच घटकेला गोठ्यात चांदणी गाईचं वासरू दुधावाचून मेलं.

मेजवानीत राजाने पहिला घास घेतला आणि तोंडात वाळकी काडी आली. दुसरा घास घेतला, पुन्हा काडी. भर पंगतीत राजाच्या ओठांतून चिपाडं बाहेर पडू लागली. शूरकर्ण आपल्या पानाकडे बघत बसला. तेवढ्यात दारात कुरणाची जादूगारीण तृणेश्वरी उभी राहिली. तिचे केस हिरवे होते, पाय मातीने भरलेले.

"गाईंपुढे जे वाढलंस, तेच तुला वाढलं आहे," ती म्हणाली.

"उतारा सांगा, माते."

"तीन कामं. स्वतःच्या हातांनी. माझा पक्षी सांगेल." एवढं बोलून ती जमिनीत मुळांसारखी शिरली.

राजाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण खरं सांगायचं तर गाईंची त्याला तेव्हा आठवणही नव्हती. त्याची लाज पाहुण्यांपुरतीच होती.

कुरणात एक सुगरण पक्षी वाट बघत होता. "पहिलं काम, हे सगळं गवत काप," तो म्हणाला. राजाने रागारागाने जमिनीसरसा विळा घातला. कापलेलं ठोंब लगेच होतं तसं उभं राहिलं. तो पुन्हा कापी, ते पुन्हा उभं राही.

"वीतभर बुंधा राख, राजा. एवढं साधं कधी पाहिलं नाहीस?"

राजाने मान खाली घातली. मग त्याने बुंधे राखून सगळं कुरण कापलं. पानांनी हात रक्ताळले, तेव्हा कुठे गवत पडलेलं राहिलं.

"दुसरं काम. शेणखताची पाटी डोक्यावर घेऊन बाजारातून ये आणि बुंध्यांना खत घाल."

राजाने पाटी उचलली आणि शेल्याने तोंड झाकून घेतलं. पावलागणिक पाटी जड होत गेली. भर चौकात त्याचे गुडघे टेकले.

"शेला काढ," पक्षी म्हणाला.

त्याने शेला काढला. पाटी हलकी झाली, पण मान वर होईना. लोक वाट सोडून उभे राहिले. कोणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं, असं त्याला वाटलं.

खत पडलं, पाणी दिलं, आणि बुंध्यांना हिरवेगार फुटवे आले. ते छातीभर झाल्यावर सुगरण म्हणाला, "शेवटचं काम. हा चारा चांदणीला घाल. तिने खाल्ला नाही तरी जागचा हलू नकोस."

राजा भारा घेऊन गोठ्यात गेला. बाकीच्या गाई चाऱ्यावर तुटून पडल्या. चांदणी मात्र उभी होती. "हिचं वासरू दुधावाचून गेलं, महाराज," दारातून मालू म्हणाली. तिच्या शेजारी वासराचं आखूड दावं खुंटीला तसंच होतं. राजाने मूठभर चारा तिच्या तोंडाशी नेला. तिने तोंड फिरवलं.

तो तसाच हात पुढे करून उभा राहिला. हाताला रग लागली. त्या दाव्याकडे बघता बघता त्याला पंगतीतली फजिती आठवेनाशी झाली. आपण एक हत्ती लपवला, आणि त्यापायी हिचं लेकरू गेलं.

"चुकलो मी," तो म्हणाला. मालू गवळणीदेखत, मोठ्याने, एका गाईला. डोळ्यांतलं पाणी ओठांवर आलं आणि ते खारट लागलं. कित्येक दिवसांत त्याला पहिल्यांदाच चव कळली.

शाप उतरला. मालूने भाकरी पुढे केली. त्याने अर्धीच खाल्ली, उरलेली बाजूला ठेवली.

पहारे उठले, विळे पुन्हा कुरणात गेले, घरोघर दूध आलं. राजा रोज सकाळी चांदणीसाठी स्वतः चारा कापून आणी. तिने त्याच्या हातून एक काडीही कधी घेतली नाही. तो चारा तिच्यापुढे ठेवी, गोठ्याबाहेर जाई, आणि मग ती खाई.