खडकवस्तीचे गोड पाणी

ख्रिस्ती कीर्तने करीत गावोगाव फिरणारे शांतवनबुवा एका उन्हाळ्यात खडकवस्तीला मुक्कामास होते. गावचे पाणी मचूळ. गोड पाण्याची विहीर एकच, तीही ख्रिस्ती मंडळींच्या देवळाच्या आवारात. दर रविवारी उपासना संपली की बुवा दारात उभे राहत आणि प्रत्येक जण हात जोडून म्हणे, "आज उपदेश गोड झाला, बुवा." तसा तिथला परिपाठच होता.

देऊळ झाडणारी साळूबाई तेवढी तसे म्हणत नसे. ती म्हणे, "येते, बुवा. पाणी पोचवायचंय."

त्या वर्षी माळावर मेंढपाळांचा तळ पडला होता. त्यात बिरूबाई नावाची ओली बाळंतीण होती. मचूळ पाण्याने तिचे पोट बिघडले आणि अंगावरचे दूध आटू लागले. पण विहिरीचे पाणी मंडळीपुरतेच, असे देवळाचे पंच याकोबराव सरोदे यांनी ठरवले होते. म्हणून साळूबाई आपल्या वाट्याची घागर डोक्यावर घेऊन तळावर जाई.

एका रविवारी बुवांनी तहानलेल्याला पाणी पाजण्यावर उपदेश केला. लोकांचे डोळे पाणावले.

"आज तर फारच गोड झाला, बुवा," याकोबराव दारात म्हणाले. "मन अगदी हलकं झालं."

"मग माझंच चुकलं," बुवा म्हणाले. "ते जड व्हायला हवं होतं."

बुवांनी विनोद केला असे समजून याकोबराव हसले आणि विहिरीकडे गेले. तिथे साळूबाई घागर भरत होती.

"काय गं, देवळात उपदेशाला येतीस का घागर भरायला? काय सांगितलं आज बुवांनी, सांग बरं."

"डोक्यात काही राहत नाही, दादा. घागरीत राहील तेवढं नेते."

जमलेले लोक हसले. याकोबरावांनी तिचा दोर गुंडाळून स्वतःच्या खांद्यावर टाकला. "एवढी घागर ने. उद्यापासून तुझा पोहरा या विहिरीत पडायचा नाही."

"मग बाळंतिणीनं काय प्यावं?"

"तिचा देव बघेल तिचं."

साळूबाईने घागर उचलली. बुवांनी हे सारे ऐकले होते. ते परत देवळात गेले आणि गुडघे टेकून बसले.

सोमवारी सकाळी पहिला पोहरा वर आला तो मचूळ. दुसराही तसाच. याकोबरावांच्या म्हाताऱ्या वडिलांनी पाण्याचा घोट थुंकून टाकला.

"साळूनंच काहीतरी टाकलं असणार," याकोबराव बुवांना म्हणाले. "आपण प्रार्थना करा."

"प्रार्थना झाली. गोड पाणी तळावर आहे, ते मागून आणा."

"मी? त्यांच्याकडं मागू?"

"माझा उपदेश देवळाच्या दारापर्यंतच येतो, याकोबराव. पुढं तुम्ही चालायचं."

ऊन चढले. वडिलांचे ओठ सुकले. शेवटी याकोबराव तांब्या घेऊन माळावर गेले. साळूबाई बाळंतिणीपाशी बसली होती. आदल्या दिवशीच्या त्याच घागरीतून सारा तळ प्याला होता आणि घागर गळ्यापर्यंत भरलेलीच होती. तिथे कोणाला त्याचे नवल नव्हते. गावच्या बाया मधूनमधून भरत असतील, असे ते धरून चालले होते.

"वडील तहानलेत," एवढेच म्हणून याकोबरावांनी तांब्या पुढे केला. बिरूबाईनेच त्यांचा तांब्या भरला. मग म्हणाली, "हे वडलांना न्या. आधी तुम्ही प्या, दादा. उन्हाचे आलात."

ओंजळीने पिणाऱ्याला वाकावेच लागते. याकोबराव वाकले. पाणी गोड होते. लहानपणापासून ते जी चव ओळखत होते तीच ती, त्यांच्याच विहिरीची. ओंजळ रिकामी झाली तरी त्यांनी मान वर केली नाही.

साळूबाईला बरोबर घेऊन ते गावात परतले. त्यांनी वडिलांना पाणी पाजले, काढून घेतलेला दोर तिच्या हाती दिला आणि म्हणाले, "तू सोड पोहरा." तिने सोडला. पाणी वर आले ते गोड. धन्य तो प्रभू!

याकोबराव बुवांच्या पायांवर डोके ठेवायला वाकले. बुवा बाजूला झाले. मागे साळूबाई उभी होती. याकोबराव तिच्यापुढे तसेच वाकून राहिले.

"उठा, दादा," ती संकोचून म्हणाली. "दोराला हात लावा. मला एकटीला ओढवत नाही."

पुढच्या रविवारी देवळाच्या दारात याकोबरावांनी बुवांपुढे हात जोडले. उपदेश कसा झाला हे ते बोलले नाहीत.

"येतो, बुवा," ते म्हणाले. "पाणी पोचवायचंय."