पहाऱ्याची वीणा

“…पण डॉक्टरांनीच ‘रिस्ट्रेन’ करा म्हणून सांगितलंय, आक्का. मग बांधू नको तर काय करू?”

विद्याधर कॉलेजात इंग्रजी शिकवायचा. उपरण्याचं एक टोक त्याच्या मनगटाला होतं, दुसरं तात्यांच्या कमरेला. वडिलांचं भान हरपत चाललेलं. दार उघडं दिसलं की निघालेच. परवा तर ट्रकखाली येता येता वाचले.

मठात सप्ताह चालू होता. दुपारी वीणा घेऊन उभं राहायच्या पहाऱ्याला कुणी नाही, म्हणून मठ सांभाळणाऱ्या आक्कांनी स्वतःच ती गळ्यात घातली होती. सप्ताह संपेपर्यंत ती जमिनीला टेकवायची नाही, असा मठाचा नेम.

“अर्थ काय रे त्या शब्दाचा?”

“आवरणं. रोखून धरणं. कुत्रं साखळीनं आवरतात, पोलीस गर्दी आवरतात, माणूस आपला राग आवरतो. सगळीकडे हाच शब्द चालतो.”

“भारी कष्टाळू शब्द आहे बाई!” आक्का हसल्या. “आणि बापाला?”

विद्याधरनं मनगटावरची गाठ चाचपली.

“बरं, ही वीणा धर जरा. घसा कोरडा पडलाय. पाणी पिऊन येते.”

नाही म्हणायला सवडच मिळाली नाही. वीणा गळ्यात आली, एक हात तिला लागला, दुसऱ्या हातात चिपळ्या आल्या. उपरणं सोडावंच लागलं.

तात्या लगेच उठले. दाराकडे निघाले.

“आक्का! अहो, तात्या चालले!”

“वीणा खाली ठेवू नकोस हं,” आतून आवाज आला.

तो वीणा सावरत दाराकडे वळला. चिपळ्या कशाही वाजू लागल्या.

तात्या उंबऱ्याशी थबकले. कान देऊन ऐकलं… आणि वळले.

“अरे गाढवा, चिपळ्या वाजवतोयस की भांडी घासतोयस? आण इकडे.”

जवळ येऊन ते वाकले. लेकाच्या पायांवर चक्क डोकं ठेवायला.

“तात्या, हे काय!” विद्याधरनं पाय मागे घेतले.

“पाय हलवू नकोस. ज्याच्या गळ्यात वीणा, त्याला आधी नमस्कार. मग वीणा घ्यायची. एवढंही शिकवलं नाही का मी तुला?”

वीणा तात्यांच्या गळ्यात गेली. पाठ ताठ झाली. चिपळ्या ठेक्यात आल्या. घरी घटकाभर एका जागी न बसणारा माणूस देवापुढे उभा राहिला तो समईत तेल घालायची वेळ झाली तरी उभाच. ओठांवर नाम, चेहऱ्यावर कसलं तेज!

विद्याधर बघतच राहिला. डोळे भरून आले.

आक्का केव्हाच्या शेजारी येऊन बसल्या होत्या.

“इथं ठीक आहे, आक्का,” तो हळूच म्हणाला. “पण घरी? घरी कुठून आणू वीणा?”

आक्कांनी तात्यांकडे पाहत हात जोडले.

“घरी त्यांच्या कमरेला उपरणं बांधलंस. हाती काय दिलं होतंस रे, बाळा?”